खडकी परिसर, सैनिकी मोजमाप आणि 'सुदृढ' देहाची कल्पना : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

शरीर सुडौल असावे, पोट सुटू नये, वजन ठरावीक आकड्यापलीकडे जाऊ नये, ही चिंता आज केवळ महानगरांतील उच्चभ्रू वर्गापुरती उरलेली नाही. तालुक्याच्या गावीही व्यायामशाळा निघाल्या आहेत, प्रथिनांच्या भुकटीचे डबे औषधांच्या दुकानात मांडलेले दिसतात आणि वजन घटविण्याच्या नानाविध आहारपद्धतींची चर्चा लग्नाच्या पंगतीतही रंगते. या साऱ्याला सर्वसाधारणपणे जागतिकीकरणाचे अपत्य मानले जाते. १९९१ नंतरच्या आर्थिक धोरणाने, दूरचित्रवाणीने व जाहिरातींनी या प्रवृत्तीला वेग दिला हे खरे. तथापि, देह मोजून त्यावरून माणसाची लायकी ठरविण्याची रीत महाराष्ट्रात एवढी अलीकडची नाही. ती किमान दीड शतक जुनी आहे आणि तिचा माग काढण्यासाठी पुण्याच्या उत्तरेस मुळा नदीकाठी वसलेल्या खडकीइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. येथे शिपाई घडविले गेले, दारूगोळा तयार झाला, जायबंदी सैनिकांचे पुनर्वसन झाले आणि येथल्याच वसाहतीत भारतीय हॉकीचा एक श्रेष्ठ खेळाडू वाढला.

प्रस्तुत लेखात खडकी व तिच्या आसपासच्या पुणे परिसराच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, आज ज्या शरीराला काट्यावर उभे करून दोषी ठरविले जाते, त्या शरीरात उपासमारीचा इतिहास साठलेला आहे. आणि त्याला लावलेली मोजपट्टी मात्र बहुतांशी दुसऱ्याच कोणाच्या तरी गरजेतून तयार झालेली आहे.

छावणी आणि छातीचे माप

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या मैदानात पेशव्यांची फौज व ईस्ट इंडिया कंपनीची पलटण यांची गाठ पडली. या लढाईचा वृत्तान्त सर्वपरिचित असल्याने येथे त्याची पुनरुक्ती करण्याचे कारण नाही. विजयानंतर इंग्रजांनी येथे छावणी वसविली, पुढे १८६९ मध्ये दारूगोळ्याचा कारखाना काढला आणि खडकी ही लष्कराची वस्ती झाली. रेल्वे स्थानक, बाजार, चर्च, कवायतीची मैदाने आणि कामगारांच्या चाळी या सगळ्यांची घडण लष्कराच्या गरजेतून झाली आहे.

छावणीने आपल्यासोबत एक नवी दृष्टी आणली. पेशवाईतील शिलेदाराची परीक्षा त्याचे घोडे, हत्यार व घराणे यांवर होत असे. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या सैन्यात मात्र उमेदवाराला उभे करून त्याची उंची पाहिली जाऊ लागली, छातीभोवती फीत गुंडाळली जाऊ लागली, दात, डोळे व पायांचे तळवे तपासले जाऊ लागले. माणूस आकड्यांत उतरला. या आकड्यांचा उद्देश त्याचे आरोग्य जाणून घेण्याचा नव्हता. बंदूक व पाठीवरचे ओझे घेऊन तो किती मजल मारू शकेल, एवढेच सरकारला जाणून घ्यायचे होते.

वरकरणी हे माप निःपक्षपाती वाटते, कारण फितीला जात कळत नाही. प्रत्यक्षात तसे घडले नाही. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानच्या सैन्याचे सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स 'लढाऊ जमाती'च्या सिद्धान्ताचे कट्टर पुरस्कर्ते होते. काही जमाती जन्मतःच शूर व बळकट आणि उरलेल्या जन्मतःच दुबळ्या, असे या सिद्धान्ताचे सार होते. त्याचा सर्वांत कठोर आघात महार समाजावर झाला. १ जानेवारी १८१८ रोजी, म्हणजे खडकीच्या लढाईनंतर दोन महिन्यांच्या आत, कोरेगाव येथे कंपनीच्या बाजूने लढलेल्या सैनिकांत महारांची संख्या लक्षणीय होती. त्यानंतर तीन पिढ्या त्यांनी पलटणीत चाकरी केली. असे असता १८९२ मध्ये त्यांची भरती बंद करण्यात आली. १८९१ सालच्या महार तरुणाची छाती १८९२ मध्ये आखूड झाली होती, असे कोणी म्हणणार नाही. तरीही तो 'अपात्र' ठरला.

या अन्यायाविरुद्ध निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज केला. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसांची चणचण भासताच १९१७ मध्ये महारांची पलटण उभारली गेली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. पुन्हा दुसरे महायुद्ध आले आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट स्थापन झाली. म्हणजे गरज लागली की देह पात्र, गरज सरली की अपात्र.

एक पौंड धान्य

'डाएट' हा शब्द आज मराठीत रूढ झाला आहे आणि तो उच्चारताना सुखवस्तू माणसाने स्वेच्छेने केलेला संयम डोळ्यांपुढे येतो. परंतु आहाराचा तक्ता बनवून माणसाला किती कमी अन्नात जगविता येईल, याचा मोठ्या प्रमाणावरील प्रयोग दख्खनमध्ये प्रथम झाला तो दुष्काळात, आणि तो सरकारने केला.

१८७६ ते १८७८ हा दख्खनवरील भीषण दुष्काळाचा काळ. पुणे, सोलापूर, सातारा, नगर हे जिल्हे होरपळून निघाले. सरकारने दुष्काळी कामे काढली. परंतु खर्च आवरण्यासाठी मजुरीला कात्री लावली. जानेवारी १८७७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे दुष्काळविषयक प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी प्रौढ मजुराला दिवसाकाठी एक पौंड धान्य व वर थोडी रोख रक्कम पुरेशी आहे, असे ठरविले. एक पौंड म्हणजे साधारणतः साडेचारशे ग्रॅम. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या माणसाला एवढ्यावर दिवस काढायचा होता. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी या प्रमाणाला शास्त्रीय आधारावर आक्षेप घेतला. तुरुंगातील कैद्यालाही याहून अधिक अन्न मिळत होते. मुंबई इलाख्यात मजुरांनी मोठ्या संख्येने कामे सोडून दिली आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेऊन सरकारकडे निवेदने पाठविली. मराठी मुलुखातील मजुरांचा हा सामूहिक असहकार इतिहासग्रंथांत फारसा वाचावयास मिळत नाही, ही खेदाची बाब होय.

त्याच वर्षी टेंपल मुंबईचे गव्हर्नर झाले व १८८० पर्यंत त्या पदावर राहिले. गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान खडकीला लागून असलेल्या गणेशखिंडीत होते. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणून ओळखली जाते, तीच ही वास्तू. एक पौंडाचे प्रमाण ठरविणारा प्रशासक, खडकीची तटबंद छावणी आणि दुष्काळी जिल्ह्यांतून पुण्याकडे येणारी हाडकुळी माणसे एकाच परिसरात, एकाच काळात वावरत होती.

या पार्श्वभूमीवर 'खात्यापित्या घरचा' हा मराठी वाक्प्रयोग नीट समजतो. भरलेले अंग, किंचित सुटलेले पोट, गोबरे गाल ही धान्याने भरलेल्या कणगीची खूण होती. सून 'अंगाने बरी' असावी अशी अपेक्षा असे आणि बाळंतिणीला डिंकाचे लाडू खाऊ घालून तिचे अंग भरणे हे माहेरचे कर्तव्य मानले जाई. बारीक मुलीला 'सासरी खायला देत नाहीत का?' असा प्रश्न विचारला जाई, तो कौतुकाने नव्हे. आजच्या विवाहविषयक जाहिरातींतील 'सडपातळ' हा शब्द त्या काळी दूषण ठरला असता.

दुर्बलतेची लाज

इंग्रजी राज्यात शिकलेल्या वर्गाला मात्र निराळी बोच लागली. आपला पराभव झाला तो आपली शरीरे खालावल्यामुळे, असे त्यांना वाटू लागले. राज्यकर्तेही त्यांच्या नाजूकपणाची टिंगल करीत. बाळ गंगाधर टिळक १८७३ मध्ये डेक्कन कॉलेजात दाखल झाले, तेव्हा त्यांची प्रकृती अशक्त होती. त्यांनी पहिले वर्ष व्यायाम, पोहणे व कुस्ती यांत घालविले आणि परीक्षेत नापास होण्याची किंमत मोजली. टिळकांच्या पुढील कष्टमय आयुष्याचा पाया या वर्षात घातला गेला, असे चरित्रकार लिहितात. एवढे मात्र निश्चित की, एका हुशार विद्यार्थ्याला शरीर कमावण्यासाठी वर्ष वाया घालविणे रास्त वाटावे, इतके त्या पिढीवरील दडपण तीव्र होते.

पुण्यात तालमींची परंपरा जुनीच होती. चिंचेची तालीम, गुळशे तालीम ही नावे पुणेकरांना परिचित आहेत. तालमीतील पैलवान मापाच्या फितीवर विसंबत नसे. त्याची परीक्षा लाल मातीत, समोरच्या पैलवानाशी होई. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर या परंपरेच्या शेजारी एक पाश्चात्त्य आदर्श येऊन उभा राहिला. युजेन सँडो हा युरोपातील शरीरसौष्ठवपटू १९०४-०५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. त्याची छायाचित्रे, पुस्तके व व्यायामाची साधने त्याआधीच येथे पोचली होती. सँडो प्रेक्षकांपुढे उभा राहून स्नायू दाखवीत असे. शरीर काय करू शकते याइतकेच ते कसे दिसते यालाही त्याच्यापासून महत्त्व आले. मराठी घराघरांतील दोरीवर वाळत पडणाऱ्या बिनबाह्यांच्या बनियनला आजही त्याचेच नाव आहे, हे मात्र बहुतेकांच्या ध्यानी नसते.

औंध संस्थानचे (हे औंध सातारा भागातील, खडकीशेजारचे नव्हे) अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १८९७ मध्ये त्यांनी सँडोची पुस्तके व साधने मागविली आणि सुमारे दहा वर्षे त्याच्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि त्यांचे आजन्म प्रचारक झाले. संस्थानातील शाळांत मुलामुलींना नमस्कार सक्तीचे करण्यात आले. १९३६ मध्ये लंडनच्या एका दैनिकाच्या पत्रकार लुइस मॉर्गन यांनी त्यांची मुलाखत प्रसिद्ध केली व १९३८ मध्ये त्यांच्या संपादनाखाली भवानरावांचे इंग्रजी पुस्तक निघाले. आज सूर्यनमस्कार ही अनादिकालीन व अखंड व्यायामपद्धती म्हणून सांगितली जाते. तिच्या आधुनिक प्रसाराच्या मुळाशी एका संस्थानिकाने सँडोच्या नादी लागून घालविलेली दहा वर्षेही आहेत, हे मान्य करण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४), कॅप्टन शिवरामपंत दामले यांचे पुण्यातील महाराष्ट्रीय मंडळ (१९२४) व स्वामी कुवलयानंदांचे लोणावळ्याचे कैवल्यधाम (१९२४) या संस्थांनी व्यायामाला शिक्षणाचा दर्जा मिळवून दिला. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु या साऱ्या चळवळीत दुष्काळात वाळलेला शेतमजूर फारसा कोठे दिसत नाही. त्याची अशक्तता व्यायामाअभावी नव्हती.

अपात्र ठरलेली शरीरे

सुदृढतेच्या इतिहासात अपंग सैनिकाला सहसा स्थान मिळत नाही. खडकीत मात्र त्याला वगळता येत नाही. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाले व नंतर ते खडकीस आले. तेथे जायबंदी जवानांना उपजीविकेची कौशल्ये शिकविण्यात आली. १९७१ च्या युद्धानंतर, १९७४ मध्ये, पाठीच्या कण्याला दुखापत होऊन कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या जवानांसाठी खडकीतच पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर स्थापन झाले. ज्यांना लष्कराने मापून, तपासून पात्र ठरविले होते, त्यांनाच एका गोळीने अपात्रांच्या यादीत नेऊन बसविले. चाकाच्या खुर्चीवरील बास्केटबॉल व अन्य खेळ येथील दिनक्रमाचा भाग झाले. हा व्यायाम आरशासाठी नव्हता. खुर्चीतून खाटेवर स्वतःचे स्वतः सरकता यावे, यासाठी दंडात बळ हवे होते.

या संदर्भात मुरलीकांत पेटकर यांचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे जन्मलेले पेटकर लष्करात ईएमई विभागात होते व मुष्टियुद्धात नाव कमावत होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या व कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर मुक्त शैली जलतरणात ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक मिळविले. वैयक्तिक सुवर्ण मिळविणारे ते पहिले भारतीय पॅरालिंपिकपटू होत. पुढे त्यांनी पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी, आणि अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये. देखण्या देहाचे कौतुक करण्यात तत्पर असणाऱ्या समाजाला हे पदक ओळखायला लागलेला काळ पुरेसा बोलका आहे.

खडकीचे दुसरे नाव धनराज पिल्ले यांचे. १९६८ मध्ये जन्मलेले धनराज ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कर्मचारी वसाहतीत वाढले. वडील मैदानाची निगा राखणारे. घरची परिस्थिती बेताची. टाकून दिलेल्या, मोडक्या स्टिका दोरीने बांधून भावंडांनी हॉकीचे धडे गिरविले. सडपातळ अंगकाठीचा हा मुलगा चार ऑलिंपिक व चार विश्वचषक स्पर्धा खेळला. कामगार वसाहतीतील मुलांना आहारतज्ज्ञ नव्हता, व्यायामशाळा नव्हती. मैदान मात्र होते. आज शुल्क भरून चालत्या पट्ट्यावर धावणाऱ्या शहरात मोकळी मैदाने किती उरली, हा प्रश्न या ओघात विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

काट्याचा आकडा

फितीची जागा पुढे एका सूत्राने घेतली. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागण्याचे हे सूत्र बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अॅडॉल्फ केटले यांनी १८३० च्या दशकात मांडले. सरासरी माणूस कसा असतो, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. रोगनिदान हा त्यांचा हेतू नव्हता. १९७२ मध्ये अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले. आकडा २५ च्या वर गेला की माणूस जाड, हा संकेत मुख्यतः पाश्चात्त्य लोकसमूहांवरून बसविलेला होता.

तो आपल्याला लागू पडत नाही, हे दाखविण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे दिली. दोघांचाही निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. एकजण मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याचा व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या उद्वाहनाचे दार बंद होण्याआधी पळत जाऊन ते गाठणे, अशी मिस्किल टिप्पणीही तेथे होती. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी आपल्याकडील अतिवजनाची मर्यादा २३ वर आणली.

याहून महत्त्वाचे काम पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून झाले. गर्भवती स्त्रियांच्या या दीर्घ अभ्यासात मातांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो आढळले. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची होती, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. परंतु एवढ्याशा बाळांत स्नायू कमी असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. 'बारीक पण चरबीयुक्त' अशा या देहाला पुढे मधुमेहाचा धोका अधिक. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या मते, पिढ्यान्‌पिढ्यांचे कुपोषण व गर्भावस्थेतील उपासमार यांचा या घडणीशी संबंध आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला येथे १८७७ चे एक पौंड धान्य आठवल्यावाचून राहत नाही. जो देह आज 'आळशी', 'हावरा', 'बेशिस्त' म्हणून हिणविला जातो, तो कदाचित भुकेला तोंड देण्याची शिस्त फार पूर्वीच शिकलेला आहे.

दरम्यान समाजाने पुन्हा नवे तक्ते स्वीकारले. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारित आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर पोचविलेली, दिवसातून दोनदाच व प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धती महाराष्ट्रात विलक्षण लोकप्रिय झाली. मधुमेह व स्थूलता यांच्या संदर्भात मांडलेल्या या पद्धतीचे वैद्यकीय मूल्यमापन हा या लेखाचा विषय नाही. परंतु जिला स्थूलता नाही, अशी विवाहयोग्य मुलगीही लग्नाआधी 'चार किलो कमी कर' या सल्ल्यापायी जेवण टाळते, तेव्हा प्रश्न आरोग्याचा उरत नाही. मुलग्यांवरील दडपण निराळे आहे. पोलीस भरतीत पुरुष उमेदवाराची उंची १६५ सेंटिमीटर व छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर असावी लागते, ती ५ सेंटिमीटर फुगावीही लागते. लष्कराच्या मैदानी चाचणीत १.६ किलोमीटरची धाव व बीमवरील दहा ओढी हा घोकून ठेवण्याचा विषय असतो. कोरडवाहू शेतीतील मुलासाठी हे आकडे म्हणजे नोकरी किंवा बेकारी. २०२२ च्या अग्निपथ योजनेनंतर त्यातील बहुसंख्यांची नोकरी चार वर्षांचीच ठरली. मोजमाप तेवढे कायम आहे. व्यायामशाळेतील आरशापुढे उभा राहणारा आणि भरतीच्या रांगेत छाती फुगवून उभा राहणारा मुलगा पुष्कळदा एकच असतो, ही गोष्ट 'फिटनेसचे वेड' या शीर्षकाखाली लिहिणारे सहसा लक्षात घेत नाहीत.

पुण्याजवळच्या त्या सहा गावांत १९९३ नंतर जन्मलेली मुले आता तिशीत आली आहेत. २०१२ मध्ये त्यांच्यापैकी किशोरवयीन मुलामुलींना ब१२ जीवनसत्त्व व अन्य सूक्ष्म पोषक द्रव्ये देण्याचा 'प्रिया' नावाचा प्रयोग सुरू करण्यात आला. उद्देश त्यांचे वजन घटविण्याचा नव्हता; त्या मुली आई होतील तेव्हा त्यांची बाळे आजीच्या व पणजीच्या उपासमारीचा वारसा थोडा कमी घेऊन जन्माला यावीत, यासाठी तो होता.